जेवणानंतरची गोळी

मंगेश दिवसातून किती वेळा स्वतःला मारून घेतो ते मोजून लिहा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि रंगूबाईच्या घरात मोजणी सुरू झाली. मंगेशच्या आईला, रंगूबाईला, लिहिता येत नव्हतं. तिनं त्यावर आपली युक्ती काढली. ओटीत मूठभर चिंचोके घ्यायचे आणि मंगेशनं कानशिलावर मूठ हाणली की एक चिंचोका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. संध्याकाळी सारिका पोलादपूरहून कामावरनं आली की डबा उपडा करायची, चिंचोके मोजायची आणि वहीत आकडा लिहायची. जगात लोक काय काय मोजतात! आपल्याच भावानं स्वतःच्या डोक्यात घातलेले बुक्के मोजायची पाळी कुणा वैऱ्यावर येऊ नये.

मंगेश एकोणतीस वर्षांचा. अंगानं थोराड, समज तीन-चार वर्षांच्या पोराएवढी. डावखुरा. त्या डाव्या मुठीनं गेल्या सहा वर्षांत त्याचा डावा डोळा घालवला होता. आतला पडदा सुटला, आता काही होणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा घरातलं कुणी जेवलं नव्हतं. आणि गेल्या वर्षापासून उजवा हातही शिकला होता. म्हणजे आता दुसऱ्या डोळ्याची पाळी. तो का मारून घेतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. दात बघून झाले, कान बघून झाले, पोटातले जंत पाडून झाले. हात धरले की थांबायचा, सोडले की पुन्हा सुरू.

बहीण सारिका छत्तिसाची. पोलादपूरला स्टँडजवळच्या एका दुकानात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं काम करायची. लग्नाच्या बोलण्या दोनदा झाल्या, दोन्ही वेळा पाहुणे पडवीत मंगेशला बघून चहा अर्धा टाकून उठले. त्याचं दुःख तिनं केव्हाच गिळलं होतं. पण राग काही गिळला जात नव्हता. तो कुणावर काढावा हे कळेना म्हणून सगळ्यांवर निघायचा. सल्ले देणाऱ्या शेजारणींवर, सरकारी दाखल्यासाठी पाच फेऱ्या मारायला लावणाऱ्या कारकुनावर, आणि मुंबईहून फोनवर शहाणपण शिकवणाऱ्या थोरल्या भावावर तर खासच.

थोरला सुनील भांडुपला असायचा. वाईट माणूस नव्हता. पैसे धाडायचा, गणपतीला यायचा. पण लांबून सगळंच सोपं दिसतं.

"सारे, मी बदलापूर साइडला एक होम बघितलाय. एकदम नीट सेट हाय. मंग्यासारखी पोरं ऱ्हातात, डॉक्टर येतो. सीट खाली हाय आता," तो म्हणाला होता.

"मंग्या ऱ्हाईल तिथं?"

"मग काय करायचं? दुसरा डोळा पन घालवायचा? हे बघ, चार म्हयने झाले गोळ्या चालू हायेत. यावेळच्या व्हिजिटपर्यंत फरक पडला तर ठीक. नाय तर मी येतो नि घेऊन जातो. फायनल."

चूक काही तो बोलत नव्हता. आणि तेच सारिकाला जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी होमचा फॉर्म तिच्या मोबाइलवर येऊन पडला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म भरणाऱ्या बाईला घरचा फॉर्म भरायची वेळ आली होती.

गोळ्यांची हकिगत अशी. महाडला एका खाजगी दवाखान्यात महिन्यातून दोन बुधवार मनोविकारतज्ज्ञ यायच्या, डॉक्टर प्रियदर्शिनी. बाहेर चाळीस पेशंट, आत एकेकाला सात-आठ मिनिटं. पहिल्या वेळी त्यांनी अर्धी गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ. वहीतला आकडा थोडा उतरला, पण म्हणावा तसा नाही. मग एक गोळी. पुन्हा तेच. मग दोन. दर खेपेस त्या विचारायच्या, "गोळ्या नियमित चालू आहेत ना?" आणि दर खेपेस रंगूबाई पदर सावरून ठासून सांगायची, "व्हय बाय. जेवल्याबिगर एक पन दिली नाय. एक येळ चुकली नाय."

गोळ्या रंगूबाईच्या ताब्यात असायच्या. दिवसभर मंगेशजवळ तीच. ती सांगते त्यावर डॉक्टरांनी विश्वास ठेवला, सारिकानंही ठेवला. आई खोटं बोलत नाही एवढी एक गोष्ट त्या घरात पक्की होती.

गोळ्यांनी फरक पडला तो भलताच. मंगेश झोपाळू झाला. त्याला जगात एकच काम मनापासून आवडायचं, ते म्हणजे वाडीच्या तोंडाशी असलेला हापसा मारणं. सकाळी बायका हंडे घेऊन आल्या की हा दांडा धरून उभा. कुणालाही हात लावू द्यायचा नाही. सगळ्या वाडीचं पाणी एकटा उपसून द्यायचा नि प्रत्येक हंडा भरला की खदाखदा हसायचा. आता बायका हाका मारायच्या तरी हा पडवीत भिंतीला टेकून बसलेला, लाळ गळतेय, डोळा अर्धा मिटलेला. पाच-सहा शब्द यायचे तेही गेले. आणि इतकं करून डब्यात चिंचोके पडतच होते! म्हणजे घरातला माणूसही गेला आणि मारही राहिला. सारिकानं अक्षरशः हात टेकले.

चौथ्या खेपेला बारा दिवस उरले असताना एका शुक्रवारी ती दुकानात फॉर्म भरायला बसली. एक रकाना होता, त्रास कोणत्या वेळी, कोणत्या दिवशी जास्त होतो. तिनं वही काढली. एवढे दिवस ती रोजचा आकडा लिहायची आणि महिन्याची बेरीज करायची. डॉक्टरही बेरीजच बघायच्या. वाराप्रमाणे बेरीज कुणी केली नव्हती. तिनं ती केली, आणि पेन हातातच राहिलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रविवार, दिवसाला तीन, चार, कधी दोन. सोमवारी एकवीस. शनिवारी एकोणीस. पुढचा आठवडा तसाच. त्याच्या पुढचाही.

सोमवारी आणि शनिवारी असं काय असतं? ती डोकं खाजवत बसली. रविवारी आपण घरी असतो नि सोमवारी निघून जातो म्हणून तो चिडतो का? मग शनिवारचं काय? शनिवारी तर काहीच नसतं. रात्री आईला विचारलं तर आई म्हणाली, "असंल कायतरी," आणि भाकरीला पीठ मळायला लागली. आईनं नजर चुकवली हे सारिकाच्या त्या वेळी ध्यानात आलं नाही.

सोमवारी दुकानात सर्व्हर बंद पडला. अकरा वाजले तरी चालू होईना. मालक म्हणाला, आज काही खरं नाही, जा घरी. ती मिळेल त्या सहा आसनी रिक्षानं निघाली आणि आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर वाडीच्या फाट्याला उतरली. चढण चढून वर आली तर हापशाचा आवाज येत होता.

मंगेश दांड्याला लोंबकळत होता. घामानं निथळलेला, सदऱ्याची बटणं तुटलेली, आणि समोर शेजारची मैना दोन हंडे घेऊन उभी. "बस कर रे मेल्या, व्हातंय खाली!" मैना ओरडत होती आणि हा खिदळत होता. डावं कानशील सुजून लालभडक झालं होतं, त्यावर रक्ताची ओली रेघ होती. त्यानं मान वळवून चांगल्या डोळ्यानं बहिणीला बघितलं.

"सारे!" तो ओरडला. "सारे, पानी!"

चार महिन्यांत तिनं आपलं नाव त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती तिथंच रस्त्यात उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. आनंद पहिला आला. संशय मागून आला, पण आला तो धावतच.

घरात रंगूबाई चुलीवर रताळी उकडत होती. ताटलीत साबुदाण्याची खिचडी काढून ठेवली होती.

"आये, मंग्याला सकाळची गोळी दिलीस?"

"आज सोमवार नाय का? उपास हाय त्याचा."

उपास. हे काही गुपित नव्हतं. सहा वर्षांमागं मंगेशचा डोळा दुखावला तेव्हा एका भगतानं सोमवार-शनिवार सांगितले होते. शंकराचा एक, मारुतीचा एक. आणि ज्याचं दुखणं त्यानंच उपास करायचा म्हणून मंगेशच उपास करायचा. त्याला त्याचं काय, खिचडी आणि रताळी म्हणजे चैनच! सारिकानं हे सगळं सहा वर्षं बघितलं होतं. बघून बघून ते तिला दिसेनासं झालं होतं.

"उपास हाय तर गोळी का नाय दिली?"

"जेवला कुठं तो? जेवल्यानंतर दे म्हनून लिवलंय ना कागदाव. तूच वाचून दाखवलास."

खरंच तिनंच वाचून दाखवलं होतं. बोट ठेवून, दोनदा. आणि आईनं डॉक्टरांना दर वेळी खरंच सांगितलं होतं. जेवल्याशिवाय एक दिली नाही, एक वेळ चुकली नाही. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. आठवड्यातले दोन दिवस मंगेश जेवतच नव्हता, एवढंच. त्या दोन दिवसांत मार उसळायचा, महिन्याची बेरीज फुगायची, ती बघून डॉक्टर डोस वाढवायच्या आणि उरलेले पाच दिवस तो पोराच्या डोक्यावर धोंड्यासारखा बसायचा. सारिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगो पन खिचडी खातो ना तो! पोट भरतं ना त्याचं! चार म्हयने, आये! चार म्हयने त्या बाय गोळी वाढवत ऱ्हायल्या, मी आकडे लिवत ऱ्हायले. तुला एकदा पन वाटलं नाय विचारावं?"

रंगूबाईनं रताळ्यांवरचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं. मग चुलीकडेच बघत म्हणाली, "पयल्या म्हयन्यात ठावं नव्हतं."

"म्हंजे?"

"पयल्या म्हयन्यात उपासासाठीच नाय दिली. मग दुसऱ्या म्हयन्यात माझ्या ध्यानात आलं. सोमवारी हा दुपारपासनं उठतो. हापशाव जातो. मला आये म्हनतो. तू येईस्तवर दमून निजलेला असतो. मग मी जानूनच नाय दिली." ती वळली. सदुसष्ट वर्षांच्या त्या बाईच्या तोंडावर अपराध्याचा भाव मुळीच नव्हता. "त्या दोन दिशी माझा पोर माझ्या घरात असतो गो. बाकीचं पाच दिस भितीला टेकून कोन बसलेला असतो, मी नाय वळखत त्याला."

"आनि डोळा? दुसरा डोळा गेला म्हंजे काय करशील? चिंचोके टाकशील डब्यात?"

सारिकाला बोलल्यावर वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतला नाही. घ्यायला नको होताच. चिंचोके आईनं उपासाच्या दिवशीही इमानेइतबारे टाकले होते, एक कमी नाही. पोराचा मार तिनं लपवला नव्हता. फक्त तो कशाच्या बदल्यात मिळतो ते सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून गोळ्या सारिकानं आपल्या ताब्यात घेतल्या. सकाळी कामाला जाण्याआधी स्वतः द्यायची, संध्याकाळी आल्यावर स्वतः द्यायची, दोन-दोन, लिहिल्याप्रमाणे. मंगळवारी डब्यात तीन चिंचोके. गुरुवारी एक. शनिवारी एकही नाही. रविवारी नाही, सोमवारीही नाही. तिनं वहीत शून्य लिहिलं आणि सुनीलला फोन केला, कारण करायलाच हवा होता.

"शून्य?" सुनील फोनवर ओरडलाच. "बघ! मी बोललो नव्हतो? सेट झाला पोरगा. होमचं कॅन्सल करतो मी. टेन्शनच खल्लास."

मंगेश घरातच राहणार होता. दुसरा डोळा वाचणार होता. चार महिने ज्यासाठी जिवाचं रान केलं ते हातात आलं होतं, आणि सारिकाला कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटत होती. कारण मंगेश पडवीत बसला होता आणि त्याची मान एका बाजूला वळून तशीच राहिली होती. रंगूबाई भात भरवत होती, भात ओठांतून खाली येत होता. सकाळी मैनानं हात धरून त्याला हापशावर नेलं होतं. त्यानं दांडा धरला आणि धरून नुसता उभा राहिला. बायकांनी थोडा वेळ वाट बघितली, मग त्याचा हात हळूच सोडवून आपापलं पाणी उपसून घेतलं.

रंगूबाईनं खाली आलेला भात पुसून पुन्हा घास केला. तिनं टोमणा मारला असता तर सारिकाला भांडता तरी आलं असतं.

बुधवारी तिघं एसटीनं महाडला आली. दवाखान्यात तीन तास बसावं लागलं. आत गेल्यावर सारिकानं खुर्चीत बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. उपास, सोमवार-शनिवार, जेवणानंतरची गोळी, वाराप्रमाणे बेरीज, शून्य. आईनं पुढं जाणूनबुजून केलं तेही सांगितलं. आईसमोरच.

डॉक्टर प्रियदर्शिनींचा चेहरा उतरला. त्यांनी मंगेशचा कोपर धरून हात वाकवून बघितला. तो अडत अडत वाकला. मान बघितली. मग पेन टेबलावर टाकलं.

"म्हणजे चार महिने मी कशाच्या आधारावर डोस वाढवत होते? आजी, निदान मला तरी सांगायचं होतंत!" त्यांचा आवाज चढला. मग त्यांनी वही ओढून घेतली आणि पानं चाळली. "आणि मी तरी! हे माझ्या समोर होतं. तारखा होत्या. वार बघायला मला काय झालं होतं?"

बाहेरून कंपाउंडरनं डोकावून पुढच्या पेशंटचं सांगितलं. त्यांनी त्याला हातानंच थांबवलं.

"ऐका. एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवू. तीन आठवड्यांत पहिल्या अर्ध्या गोळीवर येऊ. आणि ती रोज द्यायची. उपास असू दे, खिचडी असू दे, नुसता चहा असू दे. जास्त डोसानं मान आखडलीय, त्यासाठी वेगळी गोळी देते."

"मग मार थांबल का त्याचा?" सारिकानं विचारलं.

"खात्रीनं थांबवणारं औषध माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. काहींचा कमी होतो, काहींचा होत नाही. त्याच्या बाबतीत अर्ध्या गोळीनं किती झाला असता, ते आपल्याला आजही माहीत नाही, कारण ती सलग सात दिवस कधी पोटात गेलीच नाही." त्यांनी मंगेशकडे बघितलं. "शून्य हवं असेल तर तो असाच राहील. तो जागा हवा असेल तर थोडा मार सोसावा लागेल. डोळ्यासाठी मऊ गादीची टोपी लिहून देते, ती घालायची. पण डोस ठरवताना मला कुठंतरी थांबावं लागेल, म्हणून विचारते. दिवसाला किती चालतील तुम्हाला?"

हा काय प्रश्न झाला! बाजारात वांगी मागावीत तसे भावाचे बुक्के मागायचे? सारिकाला डॉक्टरीणबाईंचा राग आला, आईचा आला, भगताचा आला, फोनवर खूष झालेल्या सुनीलचा आला. शून्य म्हटलं तर मंगेश घरात राहतो आणि घरात नसतोही. आकडा सांगितला आणि तो चुकला, तर डोळा जातो, आणि सुनील पुन्हा फॉर्म घेऊन उभा राहतो.

"किती पन चालतील," रंगूबाई मध्येच म्हणाली. "मी हाय ना. मी हात धरीन त्याचे."

डॉक्टरांनी तिच्या हातांकडे बघितलं. सारिकानंही बघितलं. मनगटं काडीसारखी झाली होती, बोटं सांध्यांत वाकलेली.

"पाच," सारिका म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर पाच लिहिलं आणि खाली सही केली.

महाडच्या स्टँडवर पोलादपूरची गाडी लागायला अवकाश होता. तिघं बाकड्यावर बसली. रंगूबाईनं केळं सोलून मंगेशच्या तोंडात घातलं. तो सावकाश चावत होता. मग ती म्हणाली, "पाच कुठनं काढलास गो? मी एवढं सांगत होते, किती पन चालतील."

"तुला चालतील, आये."

"मग?"

सारिकानं मंगेशच्या हनुवटीवरचं केळं रुमालानं पुसलं. "तू नसशील तवा मला एकटीला धरवतील तेवढं सांगितलं."

रंगूबाईनं तिच्याकडे बघितलं. मग उरलेलं अर्धं केळं तिनं लेकीच्या हातात दिलं, आणि सारिकानं ते त्याला भरवायला घेतलं.